बोटांच्या बेचक्यात

"हात सैल सोड गं, आखडू नकोस."

हे वाक्य मी लग्नाआधी दिवसाला पन्नासदा तरी म्हणत असेन. पण त्या दुपारी सुमनकाकूंच्या सुनेचा हात छान सैल होता आणि आखडले होते ती मीच. डाव्या हाताने तिची चारही बोटं जुळवून अंगठ्याखालचा उंचवटा आत दाबलेला, उजव्या हाताने हिरवी बांगडी नेमकी सांध्यावर आणलेली, आणि तेवढ्यात माझ्या बोटांच्या बेचक्यात अशी काही खाज सुटली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. सोडावं तर बांगडी वाढणार. आम्ही कासार बांगडी फुटली असं म्हणत नाही, वाढली म्हणतो. शब्द कोणताही वापरा, काच हातात घुसायची ती घुसतेच.

मी दात आवळून बांगडी पलीकडे सरकवली आणि मग दोन्ही हात मागे नेऊन सतरंजीवर खसाखसा घासले.

सुमनकाकू दुकानात भिंतीला टेकून बसल्या होत्या. आमच्याच आळीतल्या. कोणाच्या घरी आज कसली भाजी आहे, हे त्या घरातल्यांच्या आधी त्यांना कळायचं.

"काय गं उजू, हाताला काय झालं?"

"घामोळं आहे काकू. ऊन किती आहे बघा ना."

"बोटांच्या मध्ये घामोळं? हे नवीनच ऐकलं बाई."

त्यांची सून हसली, मीही हसले. त्या मात्र माझ्या हातांकडे बघत राहिल्या.

संगमनेरला बाजारपेठेत आमचं बांगड्यांचं दुकान होतं. वैशाख म्हणजे लग्नसराई, बायकांची रीघ लागलेली. दादा, म्हणजे माझे वडील, गल्ल्यावर आणि मालावर, आई आणि मी गादीवर बसून बांगड्या भरायचो. त्या वर्षी माझंही लग्न होतं, राजूरच्या मुकुंदशी. तेही आमच्यासारखे कासारच, पण त्यांनी बांगड्या सोडून पितळी भांड्यांचं दुकान घातलं होतं. मुकुंद दुकानात न बसता डोंगरातल्या एका वाडीवर आश्रमशाळेत मास्तर झाला होता. लग्न पंधरवड्यावर आलं होतं.

सासूबाईंचा मला फार धाक वाटायचा. सावळ्या, ताठ, कमी बोलणाऱ्या बाई. साखरपुड्याला आईने रीत म्हणून विहिणीच्या हातात बांगड्या भरायला घेतल्या, तर त्यांनी हात मागे घेतला.

"राग मानू नका. मी कासाराची लेक आहे. माझ्या बांगड्या मीच भरते. आजवर कोणाच्या हातात हात दिला नाही."

आई हसली, डबा बंद केला आणि घरी आल्यावर दोन दिवस कोणाशी धड बोलली नाही. "आपला हात त्यांना चालत नाही, आणि मुलगी मात्र चालते," असं म्हणायची. मला वाटायचं, ह्या बाईच्या घरात आपलं कसं निभणार?

मुकुंदचं म्हणाल तर तो अगदी निराळा होता. साखरपुडा झाला तरी लग्नाआधी मुलामुलीने भेटणं आमच्याकडे चालत नसे. पण चैत्रात जत्रा असतात, आणि जत्रांमध्ये बांगड्यांचं पाल लावायला आम्ही अकोले तालुक्यात दरवर्षी जायचो. पहिल्याच जत्रेत हा गिऱ्हाईक होऊन पालापुढे हजर झाला.

"चुलतबहिणीला बांगड्या हव्यात," अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला.

"माप काय?"

"ते नाही ठाऊक. माझ्या हाताएवढा असेल तिचा हात."

दादा शेजारीच एका म्हातारीशी घासाघीस करत होते. मापासाठी हात बघणं हे आमचं रोजचंच काम. मी त्याचा हात हातात घेतला, बोटं जुळवली, अंगठा दाबला. चांगला रुंद हात, सव्वादोन सोडा, अडीचची बांगडीसुद्धा चढेना. एक लहान, एक मोठी, करत करत माप बराच वेळ चाललं. शेवटी पावणेतीनच्या सापडल्या. त्या घेऊन तो गेला आणि पुढच्या जत्रेला परत आला.

"मागच्या वाढल्या का सगळ्या?" मी विचारलं.

"नाही. दुसरी चुलतबहीण आहे."

तिसऱ्या जत्रेत तिसरी चुलतबहीण निघाली. मी प्रत्येक वेळी नव्याने माप घेतलं, कारण मापात चूक नको. त्या चैत्रात मी इतकी खुशीत होते की उलट्या क्रमाने डबे रचायची आणि दादांच्या शिव्या खायची.

आणि वैशाखात ही खाज. दिवसा थोडी, अंथरुणावर पडलं की जीव नकोसा. आईने आधी कडुलिंबाचा पाला चोळला, मग हळद, मग कापूर घातलेलं खोबरेल. कशानेही ती हटेना. मग एका सकाळी तिने माझा हात उजेडात धरला, जसा गिऱ्हाइकाचा धरतात तसाच. बोटांच्या मध्ये बारीक पुरळ, आणि कातडीवर पेन्सिलीने ओढाव्या तशा दोन-तीन पुसट वाकड्या रेघा.

"अगं आई गं," ती हळूच म्हणाली, "ही खरूज दिसतेय."

कासाराच्या घरात खरूज. आमचा सगळा धंदा दुसऱ्याचा हात हातात घेण्याचा. दादांनी दुकानाला अर्धी फळी लावली आणि आम्हाला दोघींना घेऊन तडक मुथा डॉक्टरांकडे गेले.

डॉ. मुथा कातडीच्या डॉक्टर. बारीक चणीची बाई, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी रेघेवर तेलाचा थेंब टाकला, पात्याने हळूच खरवडलं, ते काचेवर घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. स्वतः पाहिलं, आणि मग मला म्हणाल्या, "ये, बघ तुझी पाहुणी."

मी डोळा लावला. वाटोळं, कासवासारखं काहीतरी. आखूड आखूड पाय. पोटाशी एक लांबट अंडं.

"मादी आहे. साध्या डोळ्यांना दिसत नाही. कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणते, त्यात अंडी घालते. ती जी रेघ आहे ना, तो तिचा बोगदा."

"भाडं न देता राहतेय की," मी म्हणाले. दादांनी माझ्याकडे बघून डोळे वटारले.

"डॉक्टर, आमच्या घरात सगळे दोनदा आंघोळ करतात," दादा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "आमच्या अंगावर किडे कसे येतील?"

"आंघोळीने हे जात नाहीत, आणि घाणीनेच होतात असंही नाही. माणसाचा हात माणसाच्या हातात बराच वेळ राहिला की एकाचे दुसऱ्याकडे जातात. आणि किड्यांचंच म्हणाल, तर ते सगळ्यांच्याच अंगावर असतात. तुमच्या-माझ्या चेहऱ्यावर, पापण्यांच्या मुळाशी एका वेगळ्या जातीचे राहतात. रात्री हिंडायला निघतात, पहाटे परत जातात. फार माजले तर एखाद्याचा चेहरा लाल होतो, पुरळ येतं. एरवी कोणाला पत्ताही लागत नाही."

आईने घाईघाईने पदराने तोंड पुसलं. त्या संध्याकाळी तिने वाटीभर बेसन चेहऱ्याला चोळलेलं मी पाहिलं.

"घरात अजून कोणाला खाजतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," दादा मनगट खाजवत म्हणाले.

डॉक्टरांनी त्या मनगटाकडे नुसतं बघितलं. मग सांगितलं, "औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच संध्याकाळी लावायचं. खाजत असो नसो. मानेपासून तळपायापर्यंत, बोटांची बेचकी, नखांखाली, काही सोडायचं नाही. सकाळी आंघोळ. अंथरूण-पांघरूण, कपडे गरम पाण्यातून काढून कडक उन्हात. एक दिवस झाला की तुमच्यापासून कोणाला धोका नाही. खाज मात्र अजून दोन-तीन आठवडे राहील, घाबरायचं नाही. आणि आठ दिवसांनी पुन्हा एकदा औषध. जिच्याकडून हे आलं तिनेही लावायला हवं, नाहीतर परत येईल. खाज सुरू व्हायच्या महिना-सव्वा महिना आधी लागण होते. तेव्हा कोणाकोणाचा हात धरला होता, आठवतंय का?"

आई दीनवाणं हसली. "डॉक्टर, आम्ही कासार. अख्ख्या तालुक्याचा धरला होता."

तिच्या डोळ्यांपुढे सगळ्या बायकाच होत्या. कासाराच्या घरात हात म्हटला की बाईचा. मी मात्र मनातल्या मनात महिना मागे मोजला आणि थेट चैत्रातल्या जत्रेत जाऊन पोचले. कानाच्या पाळ्या तापल्या. त्याच्या वाडीवरच्या शाळेत पोरांच्या अंगावर फोड आलेत, आपण स्वतः त्यांना औषध चोळतोय, असं तो दुसऱ्या जत्रेत सांगत होता. मी तेव्हा फक्त तो बोलतो कसा तेवढंच ऐकत होते.

संध्याकाळी घरातले पडदे ओढून औषधाचा कार्यक्रम झाला. दुधासारखं पांढरं, उग्र वासाचं आणि असं झोंबणारं की दादा पाटावर बसल्या बसल्या देवांची नावं घेत होते. आई न्हाणीघरात गेली आणि त्यांच्या पाठीला औषध लावायचं माझ्याकडे आलं. समोरासमोर सांगायची माझी छाती नव्हती. पाठीला सांगणं सोपं होतं.

"दादा, हे कुठून आलं ते मला माहितीय."

"कुठून?"

"मुकुंदकडून."

पाठ ताठ झाली. "तो कुठे भेटला तुला?"

"जत्रेत. चुलतबहिणीसाठी बांगड्या घ्यायला आला होता ना."

"एकदा आला होता."

"तीनदा. तुम्ही गिऱ्हाइकांत होतात."

"अगं, मी त्यालाच गिऱ्हाईक समजत होतो!" दादा ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे कोणाला बोलायचं नाही. आईलासुद्धा नाही. लग्नाआधी मुलगी मुलाचा हात धरून बसली होती असं झालं तर राजूरची मंडळी काय म्हणतील? ती बाई आधीच कडक. खरूज गिऱ्हाइकांकडून आली, संपलं."

"पण मग दुकानाचं नाव खराब होईल."

"होऊ दे. दुकान आज बसलं तर उद्या उठेल."

मला रडू आलं. औषध डोळ्यांत गेलं असं सांगून मी ते खपवलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या गच्चीवर घरातल्या सगळ्या गोधड्या, चादरी, उशांचे अभ्रे वाळत पडले. सुमनकाकू खालून ओरडल्या, "काय गं, वैशाखातच दसरा काढला का?"

आईने लग्नाची आवराआवर म्हणून सांगितलं. पण दसऱ्याला सगळेच गोधड्या धुतात, लग्नाआधी उशांचे अभ्रे उकळून कोणी धुवत नाही. काकूंनी माझी बोटं पाहिली होती, आता गोधड्या पाहिल्या. संध्याकाळपर्यंत आळीत, आणि उद्यापर्यंत बाजारपेठेत झालं की बांगडीवाल्यांकडे हात दिला तर खरूज होते.

बायका येईनाशा झाल्या. वाटेने जायच्या, आमच्या दुकानाशी आल्या की पदराखाली हात घ्यायच्या आणि समोरच्या दुकानात शिरायच्या. ऐन लग्नसराईत दादा रिकाम्या दुकानात बसून बांगड्यांवरची धूळ पुसत होते. धूळ बसायला वेळच मिळाला नव्हता, तरी पुसत होते. जेवायला बसले की दोन घासांत उठायचे. ज्या दुकानात त्यांचे आजोबा बसले, त्याला खरुजेचं दुकान म्हणतात हे त्यांना गिळवत नव्हतं. आणि माझ्यासाठी ते गप्प होते. मला ते बघवेना.

शिवाय तिकडे मुकुंदने औषध लावलं नव्हतंच. म्हणजे लग्न झालं की पुन्हा पहिल्यापासून.

तिसऱ्या दिवशी मी पोस्टात जाते सांगून निघाले आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये शिरले. राजूरच्या दुकानात फोन होता. सुट्टी लागलीय, मुकुंद दुकानात असेल, असा माझा हिशेब.

"हॅलो?" सासूबाईंचा आवाज.

फोन ठेवून द्यावासा वाटला. बूथवाला काचेतून बघत होता.

"कोण बोलतंय?"

"मी... उज्ज्वला. संगमनेरहून. मावशी, तुमच्याकडे कोणाला खाजतंय का हो?"

माझ्या तोंडून ते कसं निघालं मला अजून कळत नाही.

"का गं?"

आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. "मला खरूज झालीय. डॉक्टर म्हणतात, ज्याच्याकडून आली त्यानेही औषध लावायचं. घरातल्या सगळ्यांनीच. मानेपासून तळपायापर्यंत, एकाच संध्याकाळी." मी एका दमात औषधाचं नाव सांगितलं.

"तुला झालीय. मग आम्ही कशाला लावायचं?"

मी फोनची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिले. फोनमध्ये कसलातरी घुसमटल्यासारखा आवाज आला.

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

घरी येऊन मी सगळं दादांना सांगितलं. ते रागावले नाहीत. नुसते खाली बसले. "आता निरोपाची वाट बघायची," म्हणाले. कसला निरोप, ते दोघांनाही कळत होतं.

निरोप आला नाही. बाजाराच्या दिवशी माणसंच आली.

दुपारची वेळ, पेठेत गर्दी. समोरच्या दुकानात बायका उभ्या, त्यांत सुमनकाकू सुनेसकट. आमच्या दुकानापुढे जीप थांबली. आधी सासूबाई उतरल्या, हातात कापडी पिशवी. मागून मुकुंद. त्याचे दोन्ही हात पँटच्या खिशात आणि मान खाली. लग्न मोडायला आलेली माणसं अशीच येतात, असं मला वाटलं.

दादा धडपडत उठले. "या, या विहीणबाई. उजू, पाणी आण."

"पाणी नंतर," म्हणत सासूबाई गादीच्या काठाशी उभ्या राहिल्या आणि पिशवी उलटी केली. खळखळ आवाज करत बांगड्यांचा ढीग पडला. हिरव्या, लाल, मोरपंखी. "तुमच्याच ना ह्या?"

दादांनी एक उचलून बघितली. "आमच्याच दिसतात."

"माझ्या मुलाच्या ट्रंकेत सापडल्या. चुलतबहिणींसाठी घेतल्या म्हणतो." त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण समोरच्या दुकानातलं बोलणं थांबलं होतं. "त्या पोरी काटकुळ्या. ह्यांतली एक बांगडी घातली तर खांद्यापर्यंत जाईल. ह्या मापाची बाई आमच्या भावकीत अजून जन्मायचीय. मुकुंद, हात काढ बाहेर."

"आई, अगं..."

"काढ."

त्याने हात काढला. सासूबाईंनी ढिगातली एक लाल बांगडी घेतली, त्याची बोटं जुळवली, अंगठा दाबला. किती वर्षांत बांगडी भरली नसेल त्यांनी दुसऱ्याला, पण हात विसरला नव्हता. बांगडी अलगद चढून मनगटावर बसली.

रस्त्यावर कोणीतरी फिसकन हसलं. मग दोघीतिघी हसल्या.

सासूबाईंनी तो लाल बांगडीचा हात उचलून रस्त्याकडे फिरवला. बोटांच्या बेचक्यात माझ्यासारखंच पुरळ होतं. "बघून घ्या. शाळेतल्या पोरांना खरूज झाली, ह्याने एकेकाला पुढ्यात बसवून औषध चोळलं. चांगलं केलं. स्वतःला लावायचं तेवढं राहिलं. का, तर म्हणे मला कुठे खाजतंय! आणि तेच हात घेऊन हा जत्रेत माप द्यायला गेला. एकदा नाही, तीनदा. आता खाजायला लागलं तर ढेकूण आहेत म्हणत होता." मग त्या थेट समोरच्या दुकानाकडे वळल्या. "तेव्हा खरूज ह्या दुकानातून कोणाकडे गेलेली नाही. माझ्या घरातून ह्या दुकानात आलीय. बोलायचं असेल तर राजूरच्या नावाने बोला."

सुमनकाकू रस्ता ओलांडून कधी आल्या कळलंच नाही. "अगं बाई," हनुवटीला बोट लावून म्हणाल्या, "म्हणजे लग्नाआधीच हातात हात?"

"कासारणीने मापाला हात नाही धरायचा तर काय पाय धरायचा?"

आता सगळी पेठ हसली. मुथा डॉक्टरांकडे सुई टोचून घ्यायला चाललेला एक म्हातारासुद्धा थांबून हसला. मुकुंद बांगडीसकट हसत होता.

काकू सहजी हार मानणाऱ्या नव्हत्या. "तरी पण किडेच ना ते. ऐकूनच अंगावर काटा येतो."

"किडे तुमच्याही तोंडावर आहेत."

"काय?"

"पापणीच्या मुळाशी. माझ्याही, ह्यांच्याही, सगळ्यांच्याच. रात्री हिंडतात. आत्ता ह्याला तुमच्या मुथा डॉक्टरांना दाखवून येतेय, त्यांनीच सांगितलं."

काकूंचा हात आपोआप डोळ्याशी गेला.

सासूबाईंनी चपला काढल्या, गादीवर मांडी घातली, पदर सावरला. "तुमच्याकडे औषध लावून झालं ना सगळ्यांचं?" मी मान डोलावली. "आमच्याकडेही झालं, फोन ठेवला त्याच संध्याकाळी. तुझे सासरे तर अजून मला शिव्या देतायत. मग आता कोणाचं कोणाला लागायचं नाही." आणि त्यांनी हात माझ्यापुढे केला.

"ह्या परत घे आणि बदल्यात माझ्या मापाच्या भर."

आतल्या दाराशी आई उभी होती, हातात पाण्याचा तांब्या. साखरपुड्याला ज्या हाताने तिला नको म्हटलं होतं, तो हात भर बाजारात माझ्यापुढे होता. मी तो हातात घेतला. पितळ घासून घासून राठ झालेला तळवा. आणि लाकडासारखा ताठ. चारचौघांत रुबाबात बोलणारी ही बाई, पण जन्मात कधी दुसऱ्याच्या हातात हात दिला नव्हता. तो द्यायचा कसा, हेच तिला ठाऊक नव्हतं.

माझी भीती तिथल्या तिथे गेली.

"सैल सोडा मावशी," मी हळूच म्हणाले, "आखडू नका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हात सैल सोडला.

सव्वादोनच्या हिरव्या भरल्या मी. एकही वाढली नाही. संपूर्ण पेठ बघत होती, आणि मी भरत होते. शेवटची बांगडी चढली तेव्हा त्या वाकून माझ्या कानाशी म्हणाल्या, "फोनवर मी जास्त बोलले नाही, रागावलीस का? दुकानात गिऱ्हाईक होतं गं. आणि मला हसू आवरेना. ट्रंकेत बांगड्या सापडल्यापासून, ह्या मुलाला हात धरायला कोणी शिकवलं, तेच मी शोधत होते."

त्या उठल्या आणि त्यांच्या जागेवर दुसरी बाई बसली. कोण ते आठवत नाही. तिच्यामागे तिसरी. दिवेलागणीपर्यंत आई आणि मी मान वर केली नाही. दादा आत जाऊन तोंड धुऊन आले, डोळे लाल होते. औषध गेलं म्हणाले, आणि औषध लावून तर चार दिवस झाले होते. सगळ्यांत शेवटी सुमनकाकू सुनेला पुढे करून आल्या. "हिच्या त्या दिवशीच्या थोड्या घट्टच झाल्यात," म्हणाल्या, "जरा बदलून दे." घट्ट वगैरे काही नव्हत्या. मी बदलून दिल्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी राजूरहून नवऱ्याची उष्टी हळद आली, लख्ख पितळी वाटीत. वाटीशेजारी पांढऱ्या औषधाची अर्धी बाटली होती आणि तिच्या बुचाला कुंकवाचं बोट लावलेलं. आठ दिवसांनी लावायच्या औषधाची दुसरी पाळी नेमकी त्याच दिवशी होती. घेऊन आलेल्या काकांनी सासूबाईंचा निरोप सांगितला, "हळद दुपारी, हे संध्याकाळी. आणि दोन्ही मानेपासून तळपायापर्यंत." आईने दोन्ही तितक्याच भक्तीने लावलं.

दुसऱ्या दिवशी अंतरपाट दूर झाला. सुगंधी पावडर, मोगरा, अत्तर, सगळ्याला पुरून तो उग्र वास उरला होता, आणि त्याच्या अंगालाही तोच होता. भटजींनी माझा हात त्याच्या हातात दिला आणि मंत्र म्हणायला लागले. बेचक्यात खाज सुटली, म्हणून मी बोटं थोडी हलवली. त्याने हात घट्ट धरला आणि भटजींना ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात विचारलं, "माप घेतेयस?"

"हो," मी म्हणाले, "शेवटचं."

पण ते काही शेवटचं ठरलं नाही. अजूनही कुठे गर्दीत निघालो की मुकुंद माप द्यायला हात पुढे करतो.